खुंटीवरचं शून्य

१

पाठीच्या विभागात तिला सगळे फूटपट्टी म्हणत. तोंडावर मॅडम, मागे फूटपट्टी. तिला ते ठाऊक होतं आणि त्याचं वाईटही वाटत नसे. फूटपट्टी निदान सरळ तरी असते. इथे येणाऱ्यांपैकी एकाबद्दलही असं म्हणायची सोय नव्हती.

रोज सकाळी दहाला ती हजेरी घ्यायला बसे. हजेरी माणसांची नव्हे, पाठींची. कण्यात दोन सळया आणि आठ स्क्रू घालून घेतलेला पेशंट टाके सुकले की तिच्याकडे येई आणि अंगावर पट्टा चढवून घरी जाई. खांद्यांच्या मधून माकडहाडापर्यंत उतरणारा पट्टा, त्यावर हिरवे दिवे असलेले तीन मणी, आणि चपलांत सरकवायच्या दोन पातळ गाद्या. माणूस किती वाकला, किती पिळला, पायांवर किती भार टाकला, सळयांवर किती ताण आला, मिनिटाला किती श्वास घेतले, हे सगळं सहा आठवडे तिच्या पडद्यावर उमटत राही. माणूस वाकडा झाला की पट्टा पाठीवर गुरगुरायला लागे आणि सरळ होईपर्यंत थांबत नसे.

माणसं लबाड असतात हे तिला आधीपासून माहीत होतं, पट्ट्याने फक्त आकडे दिले. एकाने पट्टा खुर्चीच्या पाठीला बांधला आणि स्वतः बागेत खड्डे खणत बसला. त्या गाढवाला खुर्ची श्वास घेत नाही हे सुचलं नाही. एकाने कुत्र्याला बांधला. एक आजीबाई 'देवाशपथ वाकले नाही' म्हणाल्या, आणि इकडे पडद्यावर नातवाची अख्खी आंघोळ दिसत होती. फूटपट्टी सगळ्यांना फोन करी आणि सगळ्यांची बिनपाण्याने करी. फोन ठेवण्याआधी प्रत्येकाला एक तरी चूक सांगायची हा तिचा नेम होता. चूक सापडली नाही तर ती शोधून काढी. नुसतं छान म्हटलं की माणूस दुसऱ्या दिवशी ढिला पडतो, असा तिचा वीस वर्षांचा अनुभव होता.

पट्टा देताना आधी शून्य लावावं लागे. पेशंटने टाचा, कंबर, खांदे भिंतीला टेकवून तीन मिनिटं उभं राहायचं, मग तिने बटण दाबायचं. तेवढं त्याचं सरळ, तेवढं त्याचं शून्य. पण ही माणसं तीन मिनिटंसुद्धा धड उभी राहत नसत. कुणाला खाज सुटे, कुणाला आयुष्याची कहाणी सांगायची असे. म्हणून घाईच्या दिवशी ती पट्टा दाराच्या मागच्या खुंटीला अडकवी आणि तिथेच बटण दाबून मोकळी होई. खुंटीइतकं सरळ या लोकांत कोण होतं? तसा पट्टा घरी जाऊन सारखा वाजे, संध्याकाळपर्यंत पेशंटचा रडका फोन येई, आणि मग ती त्याला त्याच्याच घरच्या भिंतीला उभा करून इथून नवं शून्य लावून देई. तिची तीन मिनिटं त्याच्या वेळेतून जात. यात कुणाचं काही बिघडत नव्हतं.

२

घड्याळजी आला तेव्हा बाहेर अकरा जण बसले होते. जन्मभर डोळ्याला भिंग लावून मान खाली घातलेला माणूस. कणा गेला नसता तरच नवल. शर्टाचं एकेक बटण तो असा काढत होता की जणू उलट फिरवलं तर स्प्रिंग उडेल. फूटपट्टीने एकदा घड्याळाकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. तो तिसऱ्या बटणावर होता. तिने पट्टा खुंटीला लावला, शून्य दाबलं आणि तोच पट्टा त्याच्या पाठीवर आवळला.

पट्टा लगेच गुरगुरला.

"मॅडम, वाजतोय," तो म्हणाला.

"वाजणारच. वाकडे उभे आहात."

"सरळ असूनही वाजला तर?"

"तसं होत नाही काका. पट्टा चुकत नाही, माणूस चुकतो. वाजला की समजायचं, आपण वाकडे आहोत. वाजायचा थांबेपर्यंत सरळ होत राहायचं. त्यात काय एवढं विचारायचं?"

"थांबेपर्यंत सरळ होत राहायचं," तो औषधाची वेळ पाठ करावी तसा म्हणाला. बायकोने त्याचा शर्ट धरला होता. तिनेही मान हलवली. दोघंही तिला सारखीच मठ्ठ वाटली.

पहिल्या दिवशी त्याचा पट्टा चारशे अकरा वेळा वाजला. फोन आला नाही. दुसऱ्या दिवशी तीनशे नव्वद. फोन नाही. फूटपट्टीने त्याच्या नावापुढे 'आळशी' अशी खूण केली. वाजतंय, त्रास होतोय आणि साधा फोन करवत नाही, अशा माणसाच्या मागे आपण कशाला लागायचं? आठवड्याने आकडा दोनशेवर आला, मग नव्वदवर, मग नऊवर.

तेविसाव्या दिवशी तो एकदाही वाजला नाही.

३

पडद्यावर बाकीच्यांच्या रेषा नेहमीसारख्या वेड्यावाकड्या चाललेल्या असत. घड्याळजीच्या रेषा आखून काढल्यासारख्या होत्या. वाक शून्य, पीळ शून्य. सकाळी शून्य, दुपारी शून्य, जेवणाच्या वेळीही शून्य.

फूटपट्टी हसली. पट्टा कुठेतरी टांगलाय, दुसरं काय. तिने चौकशीच्या यादीत त्याचं नाव टाकलं आणि सवयीने खालची रेषा पाहिली. श्वास, मिनिटाला बारा. रेषा संथपणे वरखाली होत होती.

म्हणजे पट्टा अंगावर होता.

तिने पायांच्या गाद्या पाहिल्या. डावा पाय, भार शून्य. उजवा पाय, शून्य. मग झोपला असेल. पण मणी सांगत होते की पाठ उभी आहे. सळयांवरचा ताणही शून्य होता, आणि इथे मात्र तिचा हात थांबला. जिवंत माणसाच्या सळयांवर ताण नाही असं होत नाही. माणूस गाढ झोपला तरी त्याचं शरीर सळयांना थोडंफार ओढतच असतं. हा माणूस उभा होता, श्वास घेत होता आणि त्याचं वजन कशावरच नव्हतं.

बॅटरी उतरली असेल, असं तिने स्वतःला सांगितलं. बॅटरी ब्याण्णव टक्के होती. मग मणी बिघडले असतील. तिन्ही एकदम? तिने त्या दिवशी इतर पेशंटांना जरा जास्तच झापलं.

४

डॉक्टर तिच्या खोलीत क्वचित येत. आले की टेबलावर बसत, खुर्ची रिकामी असली तरी.

"हा घड्याळवाला! ताण शून्य, म्हणजे हाडाने सगळा भार घेतला की! चौथ्या आठवड्यात! असा पेशंट मी पाहिला नाही."

"सर, पायांवरचा भारही शून्य आहे."

"गाद्या सरकल्या असतील. तुम्ही ना, चंद्र दाखवला तर डागच मोजाल. शुक्रवारी बाहेरचे पाहुणे येतायत, त्यांच्यापुढे मला हाच उभा करायचाय. घेऊन या त्याला."

कापाकापी सोडून ज्याला काही कळत नाही अशा माणसाशी काय डोकं फोडायचं? ते गेल्यावर तिने घड्याळजीच्या घरी फोन लावला. बायकोने उचलला.

"काकांना द्या."

"ते उभे आहेत, मॅडम."

"मग उभ्याउभ्या बोलू देत."

"येता येत नाही ना त्यांना. हललं की वाजतं." बायकोचा आवाज आनंदी होता. "सुरुवातीला फार हाल झाले बघा. काही केलं तरी वाजायचं. पण यांचा स्वभाव माहितीये ना, हातात घेतलेलं घड्याळ चालू केल्याशिवाय उठायचे नाहीत. केसाकेसाने सरळ होत गेले. आता अगदी गप्प आहे."

"जेवतात कसे?"

बायको म्हणाली, "मी स्टुलावर चढते."

फूटपट्टीला स्टूल कशाला, हे विचारायचं होतं. तिने विचारलं नाही. "चपला घालायला सांगा. गाद्यांवर भार येत नाहीये," एवढी एक चूक सांगून तिने फोन ठेवला.

५

दुपारी तिने जुनी नोंद उघडली. शून्य लावल्याची वेळ: दहा चाळीस. पट्टा अंगावर चढल्याची वेळ: दहा त्रेचाळीस. शिकाऊ माणसालाही कळली असती अशी ती तीन मिनिटं होती. तिने कडी लावली, कपाटातून नवा पट्टा काढला, त्यात घड्याळजीचं शून्य भरलं आणि स्वतःच्या पाठीवर चढवला.

पट्टा गुरगुरला. ती ताठ उभी राहिली, गुरगुरला. भिंतीला टेकली, पोट आत ओढलं, खांदे पाडले, मान खाली घातली, टाचा उचलल्या. पाव तास ती त्या बंद खोलीत एकटीच वेड्यासारखी अंग मोडत होती. घामाने पट्टा चिकटला, पण एक क्षणही गप्प बसला नाही. कुठल्याच माणसाच्या पाठीवर तो गप्प बसणं शक्य नव्हतं. त्यासाठी आतलं सगळं, हाडंसुद्धा, सोडून द्यावं लागलं असतं.

तिने तो काढून दारामागच्या खुंटीला अडकवला. तो ताबडतोब गप्प झाला. पडद्यावर वाक शून्य, पीळ शून्य, भार शून्य, ताण शून्य. शेजारी घड्याळजीच्या रेषा उघड्या होत्या. दोन्ही एकावर एक ठेवल्या तर एकच रेषा दिसत होती. फरक फक्त श्वासाचा होता.

इथून बटण दाबून शून्य बदलता येईल का? पण बटण दाबलं की पट्टा जसा असेल तसंच शून्य धरतो. तो आता जसा असेल, तेच कायमचं बरोबर ठरलं असतं. नाही, समोर जायलाच हवं होतं. त्याला भिंतीला उभं करून सांगायचं: काका, चूक माझी आहे. तुम्ही पहिल्या दिवशीही सरळच होता. एवढी दोन वाक्यं. नोकरी गेली असती, डॉक्टरांनी शुक्रवारी तिचा जाहीर उद्धार केला असता, आणि विभागातल्या शेंबड्या पोरीसुद्धा तोंडावर फूटपट्टी म्हणाल्या असत्या. पण त्या म्हाताऱ्याचं काय झालंय हे तिच्याखेरीज कुणालाच कळणार नव्हतं, आणि ते थांबवणंही तिच्याखेरीज कुणाच्या हातात नव्हतं. वीस वर्षांत पहिल्यांदाच तिने कुणाची माफी मागायची म्हणून पर्स उचलली.

६

घर तिसऱ्या मजल्यावर होतं. जिन्यात स्वच्छ ऊन होतं, खालच्या मजल्यावर कुणीतरी कुकर लावला होता. सगळं इतकं साधं होतं की दुसऱ्या मजल्यापर्यंत तिची भीड चेपली. स्टुलावर उंच फळीवरचा डबा काढायला चढत असेल म्हातारी. आपण उगाच काहीबाही धरून बसलो.

बायकोने दार उघडलं आणि हरखून गेली. "अय्या, मॅडम स्वतः! या ना."

बाहेरच्या खोलीत चारी भिंतींवर घड्याळं होती, पन्नास तरी. एकही चालत नव्हतं. प्रत्येकाची वेळ वेगळी होती.

"यांनीच बंद करायला लावली," बायको म्हणाली. "टिकटिक असली की पट्ट्याचं बारीक वाजणं ऐकू येत नाही म्हणाले. चहा टाकू?"

"आधी काकांना बघते."

आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. उंबऱ्याशी घड्याळजीच्या चपला होत्या, शेजारी शेजारी नीट लावलेल्या, आत पातळ गाद्या. फूटपट्टीच्या छातीवरून केवढा मोठा धोंडा उतरला! चपला इथे काढून ठेवल्यात, मग भार कुठून दिसणार? हात् तुझ्या! शेवटी हाही इतरांसारखाच निघाला. तिला त्या म्हाताऱ्याबद्दल एकदम माया वाटली. चपलांवर धुळीचा थर होता हे तिने पाहिलं, पण त्याचा विचार केला नाही.

तिने दार ढकललं. ते अर्धं उघडलं आणि दारामागे कशाला तरी टेकून थांबलं. टेकलेलं काहीतरी मऊ होतं आणि दाराबरोबर थोडं मागे गेलं, मग आपल्या जागी परत आलं. खोली रिकामी होती. पलंगावरची चादर ताणून घातलेली होती. दाराजवळ एक स्टूल होतं आणि त्यावर वाटी-चमचा होता.

"काका?"

"या, मॅडम," दारामागून आवाज आला. आवाज तिच्या डोक्याच्या बराच वरून आला होता.

दाराच्या बिजागरीशी बोटभर फट होती. तिथे डोळा लावायचा नाही असं तिने ठरवलं, आणि लावला.

आत अंधूक होतं. आधी तिला नुसता एक टांगलेला शर्ट दिसला. मग एकाखाली एक तीन हिरवे दिवे, ओळंब्यात लावल्यासारखे. सर्वांत खालचा, माकडहाडाजवळचा दिवा, तिच्या डोळ्यांसमोर होता. तिने खाली पाहिलं. विजारीच्या पायांतून दोन पावलं बाहेर आली होती. त्यांचे अंगठे खाली, जमिनीकडे होते, आणि जमीन बरीच लांब होती. वर कॉलरपाशी खुंटीचं लाकडी टोक दिसत होतं. त्याच्यावर काय होतं ते तिने पाहिलं नाही. शर्ट संथपणे फुगत होता आणि बसत होता, मिनिटाला बारा वेळा.

"वाजत नाही ना, मॅडम?"

"नाही," ती म्हणाली.

"पट्टा चढवून सत्तावीस दिवस झाले. हिला म्हटलं होतं, जमेल. मॅडमनी सांगितलंय म्हणजे होणारच."

आता सांगायचं होतं. चूक माझी आहे. दोनच वाक्यं होती आणि ती ओठांपर्यंत आली होती. पण मग तो खाली उतरला असता. तो उतरेल, दाराला वळसा घालून तिच्यासमोर येईल, आणि कण्याशिवाय तो कसा चालतो ते तिला बघावं लागेल. तिच्या मानेवरून घामाचा ओघळ गेला. मागे बायको ट्रे धरून उभी होती आणि मोठ्या आशेने तिच्या तोंडाकडे बघत होती.

"अजून काही चुकतंय का, मॅडम?" दारामागून विचारलं गेलं. "असेल तर मोकळेपणाने सांगा."

कुणाला नुसतं छान म्हणणं तिच्या जिभेला माहीतच नव्हतं. ती काय बोलतेय हे तिला कळायच्या आत तिची जीभ वीस वर्षांचा नेम पाळून मोकळी झाली.

"श्वास," ती म्हणाली. "श्वास तेवढा हलतोय."

"असं होय," घड्याळजी म्हणाला. "बघतो."

७

चहा न घेताच ती निघाली. जिन्यात दोनदा थांबली, वर जाऊन सांगावं म्हणून. दोन्ही वेळा ती आणखी चार पायऱ्या उतरली.

सकाळी दहाला ती हजेरीला बसली. डॉक्टरांचा निरोप टेबलावर होता: शुक्रवारचं विसरू नका. तिने इतरांच्या रेषा आधी पाहिल्या. सगळ्या पाहून झाल्या, कुणाची चूक काढली नाही, कुणाला फोन केला नाही. वेड्यावाकड्या, उसळत्या, खोटारड्या रेषा. आज तिला त्यांच्याकडे बघत राहावंसं वाटत होतं. मग दुसरं काही उरलं नाही तेव्हा तिने घड्याळजीची रेषा उघडली.

वाक शून्य. पीळ शून्य. भार शून्य. ताण शून्य. काल संध्याकाळी पाचला श्वास बारा होता, आठला सात. पहाटे दोन. सकाळी सहापासून ती शेवटची रेषाही इतरांसारखीच सरळ चालली होती. पट्टा एकदाही वाजला नव्हता.

फोन वाजला. घड्याळजीच्या घरचा होता. तिने तो पाच वेळा वाजू दिला आणि उचलला. तिला रडणं ऐकायची तयारी करायची होती.

"मॅडम!" बायको उत्साहाने म्हणाली. "रात्रभर धडपडत होते, पण जमलं बघा. स्वतःच बोलतो म्हणतायत. मी स्टुलावर चढून फोन धरते हं, थांबा."

स्टूल सरकल्याचा आवाज आला. मग फोन कशाला तरी टेकला. त्या बाजूला काहीच हालचाल नव्हती, बोलण्याआधी माणूस छातीत हवा भरतो तेवढीसुद्धा नाही.

"आता बरोबर आहे ना, मॅडम?" घड्याळजीने विचारलं.